शारदा सदनातलं उघडं दार

हे प्रकरण एका खोलीच्या दाराचं आहे. खोली ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंची, विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी काढलेल्या पुण्यातल्या शारदा सदनातली, साल १८९३. रमाबाई तिथे बारा वर्षांच्या मनोरमेला, आपल्या लेकीला, जवळ घेऊन पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत आणि प्रार्थना करत. दार लावत नसत. सदनातल्या काही मुली, त्यांतल्या बऱ्याचशा ब्राह्मण घरांतल्या बालविधवा, आपणहून येऊन बसत. त्यांना कुणी बोलावत नसे, आणि आल्या तर कुणी उठवतही नसे.

सदनाच्या सल्लागार मंडळाला हे पटत नव्हतं. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असा शब्द रमाबाईंनी दिला होता, आणि त्या शब्दावर विसंबूनच लोकांनी मुली पाठवल्या होत्या. प्रार्थना करायची तर आपल्यापुरती करा, मुलींना त्यात बसू देऊ नका, असा मंडळाचा आग्रह होता. रमाबाईंनी तो मानला नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी सदनाशी संबंध तोडला आणि तसं पालकांना कळवलं. टिळकांच्या ‘केसरी’तून टीकेचा मारा चालूच होता. पालक आले आणि आपापल्या मुली घेऊन गेले. चार वर्षं जपून वाढवलेली संस्था थोड्या दिवसांत अर्धीमुर्धी उरली.

संकटात विश्वासात टिकून राहण्याबद्दल आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून पुष्कळ बोललं जातं. बोलताना डोळ्यांपुढे असतो तो आजार, मृत्यू, गरिबी किंवा छळ. रमाबाईंच्या वाट्याला यातलं सगळं आलं. तरी अभ्यासासाठी मी हे दारच निवडलं, कारण इथे समोर शत्रू नव्हता. दार लावा म्हणणारी माणसं रमाबाईंची स्नेही होती, विधवांच्या शिक्षणाच्या बाजूची होती, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होतं. आपलीच चांगली माणसं ‘एवढं एक सोडा, बाकी सगळं ठेवा’ म्हणतात तेव्हा माणूस काय करतो, हे या प्रकरणात दिसतं.

तिथवरची वाट

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला आणि ते रानात जाऊन राहिले. पुढे घर मोडलं आणि सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थयात्रा करू लागलं. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना आईकडून मिळाले.

मग दुष्काळ आला. शास्त्रीबुवा म्हातारे झाले होते, दृष्टी गेली होती, जवळचं सगळं दानधर्मात आणि अनुष्ठानात संपलं होतं. तिरुपतीच्या बाजूच्या रानात हे कुटुंब मरणाची वाट पाहत बसलं होतं. तिथे वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं: तुला मी देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आईला न्यायला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या स्वतः रमाबाई. उंची पुरेना म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

यानंतर बहीणभाऊ पायी हिंडत राहिले. पंजाबातल्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, म्हणून त्यांनी नदीकाठच्या वाळूत खड्डे करून स्वतःला गळ्यापर्यंत पुरून घेतलं. देवावर त्यांनी मनापासून विश्वास ठेवला होता. व्रतं केली, उपास केले, आणि हाती काही आलं नाही. रमाबाईंच्या आयुष्यातला पहिला विश्वास गेला तो असा, कुणाच्या उपदेशाने नव्हे. म्हणून पुढे त्या ख्रिस्ताकडे आल्या तेव्हा देव आपल्या मनासारखं करील म्हणून त्याला मानायचं, हा सौदा त्यांच्या विश्वासात कधी शिरला नाही. तो सौदा त्या आधीच करून बसल्या होत्या आणि त्यात सगळं गमावून बसल्या होत्या.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. त्याच शहरात ख्रिस्ती लोकांची प्रार्थना त्यांनी पहिल्यांदा पाहिली. सगळे खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसलेले पाहून बहीणभावांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय! १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जात ओलांडून नोंदणी पद्धतीने लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा होत्या, तान्ही मुलगी पदरात होती आणि माहेर असं कुणी उरलेलं नव्हतं.

पुण्याने त्यांना हात दिला. रानड्यांच्या वर्तुळातल्या लोकांनी त्यांना बोलावलं, आर्य महिला समाज निघाला, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १८९३ मध्ये ज्यांच्याशी बिनसलं ते हेच लोक.

चर्चशी झालेलं भांडण

इंग्लंडला त्या १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला गेल्या. प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाची कमाई वापरली. वॉन्टेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या (नन्सच्या) मठात उतरल्या. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं; त्यापायी वैद्यकी मुळातच सुटली. सोबत गेलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांनी त्या परक्या गावी स्वतःचा जीव घेतला. अशा दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

त्यामागे भावनेचा झटका नव्हता. नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला होता. गोऱ्हे हे चित्पावन घरातले शास्त्री, स्वतः वर्षानुवर्षं झगडून ख्रिस्ती झालेले. शिवाय लंडनमधल्या फुलहॅमला भगिनींचं काम त्यांनी पाहिलं होतं. समाजाने ओवाळून टाकलेल्या बायकांना तिथे माणसासारखं वागवत होते. असं का करता, म्हणून त्यांनी विचारलं. एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवर आलेली, यहुद्यांनी हलक्या मानलेल्या शोमरोनी लोकांतली बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. बाईला कमी लेखत नाही असा गुरू रमाबाईंना तिथे भेटला.

बाप्तिस्म्याची बातमी महाराष्ट्रात आली आणि काहूर उठलं. बाजूने उभे राहिलेले थोडेच. जोतीराव फुले त्यांतले एक. त्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू मांडली. पण मला इथे अधिक सांगायचं आहे ते इंग्लंडातल्या दुसऱ्या भांडणाबद्दल. ते आपण सहसा सांगत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय १८९३ समजत नाही.

हे भांडण चर्चशी होतं. वॉन्टेजच्या मठातल्या भगिनी जेराल्डीन या रमाबाईंच्या आध्यात्मिक आई. त्यांना वाटे की नव्या विश्वासणाऱ्या बाईने आज्ञेत राहावं. रमाबाई प्रश्न विचारत. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे काय, अथानेशियसचा मतांगीकार (श्रद्धेचं ठरीव विधान) मी शब्दशः का म्हणावा, तो शास्त्रात कुठे आहे? पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने फेकून आले आहे, लगेच दुसरं मानेवर घेणार नाही, या अर्थाचं त्यांनी जेराल्डीनबाईंना स्पष्ट लिहिलं. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण धर्मगुरूच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही.

छोट्या गोष्टींवरूनही खटके उडाले. क्रूसावरची अक्षरं लॅटिन का? मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायांना येत नाही. संस्कृत अक्षरं असू द्या. मांस तर त्या खात नव्हत्याच, अंडं घातलेला गोड पदार्थही नाकारत. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अहंकार दिसे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकत आणि शिकवत होत्या. तिथे पुरुषांना संस्कृत शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुंबई आणि लाहोर इथल्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात बोभाटा होईल म्हणे. ज्या बाईने कलकत्त्यात आणि पुण्यात पुरुषांनी भरलेल्या सभा गाजवल्या तिला हे ऐकावं लागलं. मनोरमेला काय शिकवायचं यावरूनही ओढाताण झाली. आईचा विश्वास कच्चा म्हणून मुलीवर आमचा हक्क, असा तो सूर होता.

परदेश, हाती पैसा नाही, राहतं घर त्याच लोकांचं, मुलगी त्यांच्याच सांभाळात. मान हलवली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. उलट ‘तुमचा धर्मच नको’ म्हणून परत आल्या असत्या तर पुण्यात त्यांचं स्वागत झालं असतं. रमाबाईंनी दोन्ही केलं नाही. त्या वाद घालत राहिल्या, प्रार्थना करत राहिल्या, आणि ख्रिस्ताला धरून राहिल्या. बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या आपल्या शंका उघड्या करतात, उत्तर मागतात, पटलं तर तसं सांगतात. शंका म्हणजे विश्वास डळमळल्याची खूण, असं आपल्या मंडळ्यांत अजून मानतात. तरुण मुलगा प्रश्न विचारू लागला की पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, काळजी वाटते. मला वाटतं, रमाबाईंची पत्रं अशा मुलाच्या हाती द्यावीत. जी व्यक्ती विश्वास सोडणार आहे ती इतक्या तळमळीने भांडत नाही.

सदन, आणि १८९१

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षं अमेरिका पालथी घातली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षं पैसा देण्याचं तिने कबूल केलं. तिच्यात वेगवेगळ्या पंथांचे लोक होते, आणि शाळेत धर्मप्रचार नसावा हे ठरूनच काम सुरू झालं. म्हणजे तटस्थतेचा शब्द पुण्यालाही दिलेला होता आणि बोस्टनलाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. रमाबाईंनी शब्द कसोशीने पाळला. मुलींचा स्वयंपाक सोवळ्याने होई, उपासतापास, व्रतं, पूजा यांना मोकळीक होती, ग्रंथालयात हिंदू धर्मग्रंथही होते आणि पवित्र शास्त्रही. मिशनरी मंडळींना हे फारसं आवडत नव्हतं. बाई ख्रिस्ती असून ख्रिस्त सांगत नाही, ही त्यांची तक्रार. पुण्यातल्या सनातन्यांची तक्रार उलटी: न सांगता बाटवते.

असं दोन्हीकडून ऐकत असताना, १८९१ च्या सुमाराला, रमाबाईंच्या आत काहीतरी घडलं. पुढे लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली तेव्हा कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. मतं पटली होती, आचार बदलला होता, तरी जीव तहानलेला होता. एका इंग्लिश पाळकाचं आत्मकथन हाती आलं. पाळक म्हणून वर्षानुवर्षं सेवा केल्यावर त्या गृहस्थाला उमगलं होतं की आपलं स्वतःचंच तारण झालेलं नाही. रमाबाई त्यात स्वतःला पाहू लागल्या. पापी म्हणून ख्रिस्ताकडे गेल्या, आणि शांती मिळाली असं त्यांनी लिहिलं.

हे वाचताना मला दर वेळी एक गोष्ट थांबवते. आठ वर्षं ज्या बाईने ‘मला अजून मिळालं नाही’ हे स्वतःशीसुद्धा पुरतं कबूल केलं नव्हतं, ती त्या आठ वर्षांत वाचत राहिली, प्रार्थनेला बसत राहिली, पोरक्या मुलींना जेवू घालत राहिली. कोरडे दिवस सगळ्यांना येतात. रमाबाईंनी ते दिवस कामात आणि नेमात काढले, आणि खोटा आनंद दाखवला नाही.

दार लावायचं की नाही

आता १८९३. त्या वर्षी ११ मार्चला, सदनाच्या चौथ्या वाढदिवशी, सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचं लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुण्यात झालं. पुनर्विवाहाने आधीच वातावरण तापलेलं, त्यात प्रार्थनेचा विषय.

रमाबाईंपुढे कोणत्या वाटा होत्या ते मोकळेपणाने पाहू.

पहिली वाट सोपी होती: दार लावायचं. प्रार्थना बंद होत नव्हती, फक्त आडोशाला जात होती. रानडे राहिले असते, मुली राहिल्या असत्या, आणखी शेकडो शिकल्या असत्या. आजच्या सल्लागाराने हेच सुचवलं असतं, आणि प्रामाणिकपणे सांगते, त्या जागी मीही बहुधा हेच केलं असतं. श्रद्धा खासगी ठेवा, काम वाचवा.

रमाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. मी कुणाला शिकवत नाही, बोलावत नाही. माझा शब्द मी मोडलेला नाही. पण मुलींना मोकळीक दिली आहे. ती हिंदू देवांच्या पूजेला आहे तशी माझ्या खोलीत येऊन बसायलाही आहे. मुलगी तुळशीला पाणी घालते तेव्हा मी अडवत नाही, मग इथे का अडवू? शिवाय विधवेला पहिल्यांदा स्वतःच्या मनाने कुठे जावं, कुठे बसावं हे ठरवता येतं आहे. ते दार लावणं म्हणजे तिला पुन्हा ‘तुझं मन आम्ही ठरवू’ असं सांगणं.

शेवटचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बिशपांनी आणि भगिनींनी आपल्या मनाची किल्ली मागितली तेव्हा रमाबाईंनी ती दिली नव्हती. आता पुण्याचे सुधारक तीच किल्ली मागत होते, आपल्यासाठी आणि त्या मुलींसाठीही. १८८५ मध्ये इंग्लंडात जे नाकारलं ते १८९३ मध्ये पुण्यात स्वीकारणं त्यांना जमलं नसतं. टिकून राहण्याची ताकद संकटाच्या दिवशी तयार होत नाही. ती आठ-दहा वर्षांपूर्वीच्या, कुणाच्या लक्षातही नसलेल्या पत्रांत तयार झालेली होती.

तरी रानडे आणि भांडारकर चुकले असं सरळ म्हणवत नाही. त्या मुली अजाण आणि अवलंबून होत्या. जी बाई अन्न देते, शिकवते, मायेने डोक्यावरून हात फिरवते, तिच्या प्रार्थनेला जाऊन बसणं कितीसं ‘आपणहून’ असतं? शिकवलं नाही तरी माया शिकवतेच. पालकांनी ज्या समजुतीवर मुली पाठवल्या ती समजूत दुखावली, हेही खरं. रमाबाईंच्या चाहत्यांनी, आम्हा ख्रिस्ती लोकांनी तर विशेष, हा प्रश्न गिळून टाकू नये. रानड्यांनी त्यांना फसवी म्हटलं नाही. जबाबदारी आपल्याला घेता येत नाही म्हणून ते बाजूला झाले. टिळकांच्या ‘केसरी’ची भाषा वेगळी होती आणि तिने जखम खोल केली.

तिसरी एक वाट होती: तटस्थतेचा करार फेकून उघड ख्रिस्ती शाळा करायची. मिशनरी मित्रांनी आनंदाने उचलून धरलं असतं. तीही रमाबाईंनी त्या वेळी घेतली नाही, कारण बोस्टनला दिलेली दहा वर्षांची मुदत संपायची होती. पैसे ज्या अटीवर घेतले ती अट संपेपर्यंत पाळायची. बोस्टनहून असोसिएशनच्या अँड्रूजबाई चौकशीला पुण्यात आल्या, सगळं पाहिलं, आणि असोसिएशन रमाबाईंच्या पाठीशी उभी राहिली. दार उघडं राहिलं, शब्दही राहिला, आणि उरलेल्या मुलींसह सदन चालत राहिलं.

किंमत मात्र मोठी होती. ब्राह्मण समाजाचा विश्वास गेला तो गेलाच. विधवांच्या शिक्षणाचं काम तीन वर्षांनी कर्व्यांनी हिंदू विधवांसाठी स्वतंत्रपणे उभं केलं. त्या कामात रमाबाईंच्याच गोदूबाई, आता आनंदीबाई कर्वे, वर्गणीसाठी वणवण हिंडल्या. मराठी समाजसुधारणेच्या कथनात रमाबाईंचं नाव पुढची कितीतरी वर्षं हळू आवाजात घेतलं गेलं. विद्वत्तेमुळे ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांनी त्या विद्वत्तेचीही दखल घेणं सोडलं.

दुष्काळ

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. पुण्यात माणसं दुरावलेली, आणि बातमी आली ती भुकेची. रमाबाई बैलगाड्यांनी, आगगाडीने तिकडे गेल्या. सोळा-सतरा वर्षांची भुकेली मुलगी म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळायचं नव्हतं. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त होता, एवढ्या जणींना शहरात ठेवायची परवानगी नव्हती. पुण्यापासून साधारण साठ किलोमीटरवर, रेल्वेच्या वाटेवर केडगावला सदनासाठी घेतलेली शेतजमीन होती. तिथे छपरं आणि तंबू टाकले. १८९८ मध्ये बोस्टनच्या कराराची दहा वर्षं संपली. केडगावचं मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती म्हणून उभं राहिलं. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, हातमाग, छापखाना, आंधळ्या मुलींचं शिक्षण: मुक्तीत हे सगळं होतं.

१८९३ मध्ये दार लावलं असतं तर मुक्ती झालं नसतं, असं मी म्हणणार नाही. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही. पण ब्राह्मण विधवांपुरतं असलेलं काम जातीच्या बाहेर पडलं ते त्या तुटण्यानंतर, एवढं दिसतं. आणि मघाचा प्रश्न इथे अधिक टोकदार होऊन परत येतो: भुकेने मरता मरता वाचवलेल्या पोरीने वाचवणाऱ्या बाईचा देव स्वीकारला, तर त्यात तिची निवड किती? मुक्तीत १९०५ मध्ये मोठं आध्यात्मिक जागरण झालं, शेकडो मुली रात्र रात्र प्रार्थनेत होत्या. त्यांतल्या कितीतरी पुढे शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरल्या. हिशेब कुणी कसाही मांडो, त्या जगल्या आणि लिहावाचायला शिकल्या.

याच दुष्काळाच्या वर्षांत रमाबाईंनी आपल्या उपासमारीच्या आठवणी लिहिल्या. त्यात त्या तिरुपतीच्या रानात परत जातात. वडिलांनी ज्या देवाच्या हाती आपल्याला दिलं त्याला ते ओळखत नव्हते, पण त्याने त्यांची प्रार्थना ऐकली, असं त्या म्हणतात, आणि शेवटपर्यंत त्याचीच सेवा करीन असं गेलेल्या वडिलांना उत्तर देतात. समाज म्हणत होता, पोरीने बापाचा धर्म बुडवला. मुलगी म्हणत होती, बाबांची आज्ञा मी पाळते आहे. विश्वास बदलून कुळाशी नातं तोडल्याचा आरोप आजही घराघरांत होतो. नव्याने विश्वासात आलेली कितीतरी माणसं या एका गोष्टीने आतून पोखरली जातात. त्यांच्यासाठी हे पान फार मोलाचं आहे.

शेवटची दोन वर्षं

रमाबाईंनी वयाची चाळिशी ओलांडल्यावर मोठं काम हाती घेतलं: पवित्र शास्त्राचं नवं मराठी भाषांतर. असलेलं भाषांतर खेड्यातल्या बाईला कळत नाही, संस्कृत शब्दांनी जड झालं आहे, असं त्यांचं मत होतं. संस्कृतच्या पंडितेने हे म्हणावं, याला वजन आहे. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं. ऐकू जवळजवळ येत नव्हतं. छपाई मुक्तीतच, खिळे जुळवणाऱ्या मुली मुक्तीतल्याच. बायबलचा नवा करार हा भाग १९१३ मध्ये आला. जुन्या कराराचं काम चालू राहिलं.

मनोरमा अमेरिकेत शिकून परतली होती, आईचा उजवा हात झाली होती. पुढे मुक्ती तीच सांभाळणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं. वॉन्टेजमध्ये जिच्यावर चर्चने हक्क सांगितला, पुण्यात जिच्याशेजारी बसून ती उघड्या दाराची प्रार्थना होई, ती ही मुलगी. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेला ती गेली. वय चाळीस. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक: रक्ताचं जवळचं कुणी उरलं नाही.

या दिवसांतल्या त्यांच्या मनाबद्दल मी अंदाज करणार नाही. काम दिसतं तेवढं सांगते. जुन्या कराराची पानं तपासायची राहिली होती आणि त्या ती तपासत बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला, भाकरी थापणाऱ्या बाईला वाचता यावा अशा मराठीत.